उरिएलसाठी तालपाला

मंगळवार, ११ मार्च. आमेका

पायांना चरबी चोळून बसले आहे. ओब्दुलियाने आणली, कसली कोण जाणे, खोलीभर वास सुटलाय. म्हणते मोजे चढव, रात्रभर मुरू दे, सकाळी कातडं लोण्यासारखं होतं. ती दर वर्षी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात तालपाच्या मातेला चालत जाते. तिचे पाय मी आज बघितले. लोणी वगैरे काही दिसलं नाही!

बसमधून उतरल्यापासून नवऱ्याशी दोनदा वाजलं. पहिलं फोनवरून. फोन फिदेन्सिओने आपल्या खिशात ठेवलाय, बंद करून. डोंगरात रेंज नसते म्हणे, बॅटरी कशाला घालवायची. अरे, पण इथे आमेकात आहे ना रेंज! नोएमीला पोचलो म्हणून कळवते म्हटलं, तर म्हणाला मी कळवलं. माझा फोन त्याच्याच सांगण्यावरून घरी नोएमीपाशी ठेवून आले – दोघांत एक पुरे म्हणाला. आता जीव खालीवर होतोय. उरिएलला माझाच नंबर पाठ आहे. नोएमी उचलेलच, सख्खी बहीण आहे त्याची. पण आईने उचलणं वेगळं.

दुसरं भांडण पत्रकांवरून. उरिएलच्या फोटोची पत्रकं मी पिशवीत तळाशी घालून आणली आहेत, खळीच्या डबीसकट. वाटेवर इतके लोक, इतक्या गावांचे – कुणीतरी कुठेतरी पाहिलं असेल. फिदेन्सिओने पिशवी उचलली आणि वजनावरून ओळखलं. "एवढी खेप राहू दे, एर्मी," म्हणाला. मी म्हटलं, तुझी शनिवारची पहार मी कधी राहू दे म्हटलं का?

मग पिशवी खाली ठेवली.

शनिवारी तो नाहीशा झालेल्या मुलांना शोधणाऱ्या आयांबरोबर माळावर जातो. पहार ठोकायची, उपसायची, टोकाचा वास घ्यायचा – खाली कुणी पुरलेलं असेल तर कळतं. पहिल्या पावसाळ्यापासून जातोय. मी एकदाही गेले नाही आणि जाणारही नाही. तो जमिनीखाली शोधतो, मी जमिनीवर. एका घरात राहून दोघं दोन वेगळ्या मुलांना शोधतोय असं कधी कधी वाटतं.

उरिएल नाहीसा झाला त्या ऑगस्टमध्ये, पहिल्याच आठवड्यात, मी तालपाच्या मातेला बोलले होते – परत आण, चालत येईन. ओब्दुलिया म्हणते नवस मिळाल्यावर फेडायचा असतो, तू आधीच निघालीस. निघाले. थांबून काय मिळालं?

ओब्दुलिया उरिएलची धर्ममाता, त्या नात्याने आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. बाप्तिस्म्याला तिने त्याला हातात धरला तेव्हा त्याने तिच्या नव्या झग्यावर केलेला प्रताप ती अजून सांगते. आज मात्र तो किस्सा निघाला नाही. दमली असेल.


बुधवार, १२ मार्च. पहाटे

निघतोय. बाहेर रस्ता आत्ताच भरलाय. सगळ्यांची तोंडं रुमालाने बांधलेली, नुसते डोळे. प्रत्येक तरुण डोळ्यांच्या जोडीकडे मी बघते. सवय.


बुधवार, दुपार

धूळ! दातांखाली, पापण्यांवर, वहीच्या पानांत. घोडे जातात, ट्रक पाणी घेऊन जातात, आणि मागे आपण चालतो ते नुसत्या ढगातून. पहिल्या चढाला लागायच्या आधी झावळ्यांच्या मांडवात बसलोय. मांडववाली बाई जाड आहे, हसरी आहे. दालचिनीची कॉफी, राजमा, टॉर्टिया. तिने पत्रक खांबाला लावायला लगेच हो म्हटलं. फोटो बघून म्हणाली, पोरगा देखणा आहे. 'आहे' म्हणाली. मी तिला मिठी मारणार होते.

मग एक पिकअप आली. नंबरपाटी नाही. दोन जण उतरले, तिशीच्या आतबाहेरचे, बूट कोरे करकरीत. या वाटेवर कोरे बूट टोळीवाल्यांशिवाय कुणाचे नसतात. मांडवातलं बोलणं एकदम खाली गेलं. एक सरळ खांबाशी गेला, वाचलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि विचारलं, हे कुणाचं. बाई चुलीकडे वळली. मी उठले. माझं, म्हटलं.

अगदी अदबीने बोलला. "माई, देवीला चाललाय ना? मग देवीकडे बघा. खांबांना काही लावू नका."

मी म्हटलं, माझा मुलगा आहे तो. तो परत फोटोकडे वळला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हा मुलगा इकडे नाही, माई."

इकडे नाही, मग कुठे आहे? विचारायला तोंड उघडलं तोच फिदेन्सिओ मधे आला. टोपी काढली. माफ करा म्हणाला, बायको थकली आहे म्हणाला – आणि आपल्या हाताने पत्रक काढलं! घडी घालून खिशात घातलं. ते गेले. जाताना त्या अदबवाल्याने आमच्या कॉफीचे पैसेही दिले. ती कॉफी मी ओतून टाकली.

फिदेन्सिओशी बोलत नाहीये. ओब्दुलिया मधे बसून दोघांना संत्र्याच्या फोडी देते आहे, एक इकडे, एक तिकडे.


बुधवार, संध्याकाळ

इकडे नाही. म्हणजे त्याला माहीत आहे. नुसतं टाळायचं असतं तर माहीत नाही म्हणाला असता. मी हे फिदेन्सिओला सांगितलं (बोलत नव्हते, पण राहवलं नाही). तो म्हणाला, "काहीतरी बोलायचं म्हणून बोलला तो." मी म्हटलं, तुला तसंच वाटायला हवंय. तो माझ्या टाचेचा फोड बघत होता. सुई तापवून, दोरा ओवून त्याने तो इतक्या हलक्या हाताने फोडला की मला कळलं नाही. सोफ्यांची शिवण करून करून हात असे झालेत. रागावलेल्या माणसाचा फोड असा फोडू नये. राग पुरा करता येत नाही.

चटयांवर शंभर माणसं शेजारी शेजारी. कुणीतरी जपमाळ म्हणतंय.


गुरुवार, १३ मार्च. ओबिस्पोच्या डोंगरावर, अर्ध्यात

हा डोंगर संपत नाही. वळण आलं की वाटतं हाच माथा, आणि वर पुन्हा माणसांची रांग दिसते, मुंग्यांसारखी. उतरून येणारं कुणी नाही. मागे फिरायचं नसतं इथे. वाटेत एक उभा दगड आहे, त्याला लोक जाता जाता खडा मारतात – नवस अर्धा टाकून फिरली म्हणून दगड झालेली बाई म्हणे. ओब्दुलियाने मारला. मी नाही मारला. तिला काय फोन आला असेल, घरी काय झालं असेल, कुणाला माहीत.

फिदेन्सिओचं काहीतरी बिनसलंय. नेहमी हा माझ्या पुढे – बाजारात, चर्चला, सरकारी कचेऱ्यांत. आज सकाळपासून मागे चालतोय. दर थोड्या वेळाने म्हणतो, बस, घाई नाही. घाई नाही? याच माणसाने घरी मला चार दिवसांत तालपा गाठून परत यायचा हिशेब मांडून दाखवला होता. मला वाटलं त्याच्याच छातीत दुखतंय. विचारलं. नाही म्हणाला. आणि ओब्दुलिया! जी बाई घोड्यावरून जाणाऱ्यांना दर वर्षी "देवीला घोड्याचा नवस होता का तुमचा?" म्हणून टोमणे मारते, ती आज खाली मान घालून चढते आहे. माझी पिशवी तिने घेतली आहे. मी सांगितलं नव्हतं.

सगळे माझ्याशी चांगले वागताहेत. मला भीती वाटते आहे.


गुरुवार, संध्याकाळ

लिहवत नाही.


शुक्रवार, १४ मार्च. सकाळ

लिहिते. कालचं कालच्या जागी ठेवायला हवं.

माथा ओलांडला की पुढे डोंगराची धार लागते. सैतानाचा कणा म्हणतात. दोन्ही अंगांना दरी, वारा तोंडावर, आणि वाट एवढीशी की एकामागे एक चालावं लागतं. तिथे जरा रुंद जागी टेकलो होतो. मी फिदेन्सिओला सरळ विचारलं, तालपाला गेल्यावर तू काय मागणार आहेस. पाणी पी, म्हणाला. मी म्हटलं, मला माहीत आहे काय ते. तू हाडं मागणार. मी मुलगा मागणार आणि तू शेजारी गुडघे टेकून त्याची हाडं मागणार, मग ती बिचारी कुणाचं ऐकेल? म्हणून अजून काही होत नाही. तुझ्यामुळे होत नाही. काल त्या माणसाने तोंड उघडलं होतं, तू ते बंद केलंस. सगळं बोलले. लोक बाजूने वाट काढत जात होते, बघत होते, मला काही नव्हतं त्याचं.

तो ऐकत राहिला. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सापडलाय, एर्मी."

मला वाटलं तो जिवंत सापडलाय! तेवढा एक श्वास मला वाटलं. मी त्याचा हात पकडला. आणि मग त्याचा चेहरा बघितला.

रविवारी त्याला ग्वादालाहाराच्या शवागारातून फोन आला होता. तिथल्या बाई आम्हाला ओळखतात, आमच्या दोघांचं रक्त त्यांच्याकडे आहे. शहराबाहेरच्या एका विहिरीत काही सापडलंय. त्यात गळ्याजवळच्या डाव्या हाडाला पोलादी पट्टी आहे. उरिएलला पट्टी बसवली ती तो गच्चीवरून पडला तेव्हा – डावीकडेच. वय जुळतं, उंची जुळते. रक्ताचा अहवाल शुक्रवार-शनिवारपर्यंत येईल, तोवर खात्रीने सांगता येत नाही, असं त्या बाई म्हणाल्या. फिदेन्सिओ सोमवारी जाऊन आला. मला म्हणाला होता, नुन्येझबाईंचा सोफा आणायला जातो.

मी म्हटलं, बघितलास? हो म्हणाला. काय बघितलंस? पट्टी, म्हणाला. आणखी विचारू नको.

मग मी त्याला मारलं. तोंडावर, छातीवर, जिथे हात लागेल तिथे. ओब्दुलियाने मागून धरलं मला. ती रडत होती, पण दचकली नव्हती. मी वळले. तुलाही माहीत होतं? तिने मान हलवली. सोमवारी संध्याकाळीच त्याने तिला सांगितलं होतं.

"मग मला इथे कशाला आणलंत?" मी विचारलं. "सोमवारी का नाही सांगितलंस?"

फिदेन्सिओचं नाक फुटलं होतं. रुमालाने दाबून तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू कधीच चालली नसतीस. दोन वर्षं म्हणत होतीस, चालायचंय. म्हटलं, तुझ्या लेखी तो असताना एकदा चालू दे तुला. निदान डोंगर तरी."

आणि फोन? बंद का? "अहवाल आधी आला असता तर वाटेत वाजला असता."

मी कण्यावरून खाली दरीत बघत होते. ओब्दुलियाने माझ्या कमरेचा पट्टा मुठीत धरून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. माझ्या मनात तसलं काही नव्हतं. मी फक्त तो शब्द म्हणून बघत होते. मेला. उरिएल मेला. मोठ्याने नाही. इतकी वर्षं हा शब्द मी घरात येऊ दिला नव्हता. नोएमीने एकदा चुकून 'होता' म्हटलं तर तिला ताटावरून उठवलं होतं.

पुढे खालच्या मांडवापर्यंत कशी आले आठवत नाही. कुणीतरी चटई दिली, कुणीतरी चादर.

आता जे लिहायचंय ते सगळ्यात वाईट आहे. मी झोपले. अंधार पडायच्या आत झोपले ते उजाडल्यावर उठले. मधे एकदाही जाग नाही. ऑगस्टपासूनच्या त्या सगळ्या रात्रींत – दार वाजलं का, फोन वाजला का, त्याला थंडी वाजत असेल का, कुणी मारत असेल का – अशी एकही रात्र नव्हती. काल कुणी त्याला मारत नव्हतं. त्याला थंडी वाजत नव्हती. उठले आणि भूक लागली होती. दोन ताटल्या राजमा खाल्ला. पुसून खाल्ला. आई आहे की कोण मी!


शुक्रवार, दुपार. उतारावर

गुडघे बोलतात उतारावर. खाली आतेंगियोची घरं दिसायला लागली आहेत.

परत जाऊ या म्हटलं मी सकाळी. आता कशासाठी तालपा? ओब्दुलिया बुटाची नाडी बांधत होती. "मागायला नको जाऊस," म्हणाली. "सांगायला जा, कोमाद्रे. तिचाही पोरगा गेला होताच की."

म्हणून चालते आहे.

चालता चालता सगळं ठरवलं. माझ्या आईशेजारी, गावाकडच्या दफनभूमीत – तिथे जकारांडाच्या झाडाची सावली आहे. निळा सदरा, त्याच्या पदवीच्या दिवसाचा. पाद्री अन्सेल्मो नको, ते फार लांबवतात. नोएमीने गाणं म्हणायचं, जमलं तर. मेणबत्त्या कुठून, कॉफी किती. फिदेन्सिओला म्हटलं, पेटी छोटी लागेल ना? हो म्हणाला. मग आम्ही बराच वेळ लाकडाबद्दल बोललो. सागवान की देवदार. दोन वर्षांत आम्ही दोघं एका गोष्टीबद्दल इतका वेळ भांडणाशिवाय बोललो नव्हतो. त्याचं नाक सुजलंय. मी माझ्या पाण्याने रुमाल भिजवून दिला. वाट अरुंद नव्हती, तरी तो माझ्या अंगाला अंग लावून चालत होता.

एका वळणावर बसून रडले. खूप. पण ते रडणं तळाला लागत होतं. आधीचं कधी लागत नसे.


शनिवार, १५ मार्च. आतेंगियो

सकाळी फिदेन्सिओने फोन चालू केला. चौकातल्या बाकावर आम्ही तिघं. वाजेपर्यंत बसून राहायचं असं ठरलं होतं. ओब्दुलियाने माझा एक हात धरला होता.

वाजला.

फिदेन्सिओ हो म्हणाला, हो, मीच, म्हणाला. मग म्हणाला, परत सांगा. मग फोन त्याने माझ्या कानाला लावला. त्या बाई सावकाश, स्पष्ट बोलत होत्या. रक्त जुळत नाही. बापाशी नाही, आईशी नाही. दोनदा तपासलं. "बाई, हा तुमचा मुलगा नाही."

फिदेन्सिओ रस्त्यातच गुडघ्यावर बसला. एक गाडवावरचा माणूस थांबला, त्याला वाटलं चक्कर आली. फिदेन्सिओ हसत होता. रडत होता आणि हसत होता, ओब्दुलियाचे हात, माझे हात, गाडवाच्या मालकाचेसुद्धा हातात घेत होता. "तो नाही! एर्मी, ऐकलंस ना, तो नाही तो!" हा माणूस, जो दर शनिवारी पहारीच्या टोकाला नाक लावतो. म्हणाला, तूच बरोबर होतीस. दोन वर्षं मी त्याला पुरत होतो आणि तू बरोबर होतीस. त्या कोऱ्या बुटाच्या माणसाचं बोलणं आठवतं ना, म्हणाला – इकडे नाही. म्हणजे दुसरीकडे आहे. मी इतका गाढव कसा, म्हणाला.

मी त्याचं डोकं पोटाशी धरून उभी होते. चौकात घंटा वाजत होती. मला फक्त तो निळा सदरा दिसत होता, इस्त्री केलेला, आणि जकारांडाखालची जागा. उकरलेली. रिकामी.

ओब्दुलिया माझ्याकडे बघत होती.

त्या विहिरीत कुणाचा तरी पट्टीवाला मुलगा आहे. त्याच्या आईला अजून फोन आलेला नाही. मला तिची कीव यायला हवी. मला हेवा वाटला.


रविवार, १६ मार्च. आतेंगियोच्या पुढे

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दार, फोन, थंडी – सगळं परत.

फिदेन्सिओ आज पुढे चालतोय, भराभर, कोवळ्या पोरासारखा. मधेच थांबून मागे बघतो. "जिवंत आहे गं आपला!" मी हो म्हणते.

तालपाला पोचल्यावर मी त्याच्या शेजारी गुडघे टेकीन. तो मुलगा मागेल. मी माती मागणार आहे.